बंधाऱ्यावरचा हिरवा डाग

सप्टेंबर १९३७. गौरी-गणपती उरकले होते, पितळी भांडी चिंचेने घासून फळीवर चढली होती, आणि दुपारची जेवणं झाल्यावर मी ओसरीवर बसून बंधाऱ्यातलं गवत रंगवत होते.

काम खरं माझं नव्हतं. यजमान कालव्याच्या ऑफिसात नकाशे उतरवायला होते. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, आणि ऑफिसला कळलं तर नोकरी राहणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून बारीक काम ते घरी आणत आणि मी करून देत असे. माझा हात लहानपणापासून चित्रकलेला बरा होता, तो इथे उपयोगी पडला.

त्या वर्षीचं काम नवीन होतं. निफाडकडच्या एका बंधाऱ्यात पाणगवत आणि लव्हाळे इतके माजले होते की कालव्याला पाणी धड जाईना. टोकाचे ऊसवाले सारख्या तक्रारी करत. नावेत बसून गवत मोजायचं तर मोजणी संपेपर्यंत ते आणखी पसरायचं. म्हणून ऑफिसातल्या साहेबांनी खटपट करून विमानातून फोटो काढवले. एक उन्हाळ्याच्या अखेरचा, एक पावसाळ्यातला. दोन्ही शेजारी ठेवायचे, भिंगातून पाहायचे आणि पारदर्शक कापडावर काठ उतरवायचा. गढूळ पाणी फोटोत फिकं येई, वनस्पती काळपट. दोन्ही फोटोंत काळपट असेल ते जुनं गवत, त्याला पिवळा रंग. आधी फिकं आणि आता काळपट असेल ते नवीन, त्याला हिरवा. हिरवं ते आधी उपटायचं, पिवळं सवडीने.

हे काम मला फार आवडलं. घरातल्या बाईला बंधारा वरून कुठे दिसतो? मला तो मांडीवर दिसत होता.

पूर्वेच्या काठाला एक मोठा नवीन डाग होता. त्याच्यातून चार फिक्या रेघा गेलेल्या होत्या, अगदी सरळ.

"अहो, फोटोवर रेघा आहेत."

"ओरखडे असतील. काच खरवडली गेली असेल."

"चारही सारख्याच अंतरावर आहेत."

"अगं, मला दिसत असतं तर तुला कशाला बसवलं असतं? तुला योग्य वाटेल ते कर."

मला काय योग्य वाटलं? रेघा सोडून रंग भरला की काम गबाळं दिसत होतं. रांगोळीत रंग भरताना फट राहिली तर मी लगेच चिमूट टाकते. हाताला तेच वळण. मी चारही रेघा बुजवल्या. डाग कसा एकसंध, गुळगुळीत झाला. साहेबांनी नकाशाचं कौतुक केलं तेव्हा यजमान हसत घरी आले. "तुझी रांगोळी सरकारदरबारी पोचली," म्हणाले. त्या दिवशी मी खुशीत शिरा केला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शिंगाडेवाली आली. दर नवरात्रात ती आमच्या आळीत यायची. टोपली उतरवून म्हणाली, "बाई, यंदा जास्तीच घ्या. पुढल्या फेरीला मी येते का नाय, सांगता येत नाय."

"का गं? लेकीकडे चाललीस?"

"कुठली लेक! सरकार आमचा वेल उपटतंय. मानसं आली आन् काठाला तांबडी फडकी लावून गेली. परवा आकडे घेऊन मजूर येनार म्हनं. मी म्हनलं, बाबांनो, ह्यो शिंगाडा हाय, गवत नाय. तर म्हनत्यात, नकाशात गवतच हाय, इमानातनं बघितलंय." ती हसली. "इमानातनं शिंगाडा चाखून बघत्यात व्हय?"

मला हसू आलं नाही. "पूर्वेच्या काठाला का?"

"व्हय. तुमाला कसं ठाव?"

"सहज विचारलं. वेलात मधून वाटा ठेवता का तुम्ही?"

"ठेवाव्याच लागत्यात. फळीला मडकी बांधून तिच्यावर बसून हिंडायचं. वाट नसली तर वेल तुटतो." मग ती टोपलीतले शिंगाडे उगाच खालीवर करत बसली. "लय जीव लावलाय बाई त्याला. आमचं आन् दिराचं, दोन्ही घरं त्याच्यावरच हायेत. पोरं तर इमान बघून हात हलवत व्हती."

मी नेहमीच्या दुप्पट शिंगाडे घेतले. ते घेणं किती भेकडपणाचं आहे हे घेतानाच कळत होतं. तिला मी काहीही सांगितलं नाही. माझ्या घराला आशीर्वाद देऊन ती निघून गेली.

दुपारभर मी स्वतःशी वाद घातला. फडकी लावणाऱ्यांनी खाली वाकून पाहायला हवं होतं. उपटायच्या आधी कुणीतरी जाऊन खात्री करायला हवी होती. सगळं खरं होतं. पण रेघा मी पाहिल्या होत्या, त्या सरळ आहेत हेही मीच म्हणाले होते, आणि गवत आखून दिल्यासारखं उगवत नाही एवढं कुणीही सांगेल. मी त्या बुजवल्या कारण तशा त्या वाईट दिसत होत्या.

संध्याकाळी पान वाढलं आणि सांगून टाकलं. "ते पूर्वेचं हिरवं शिंगाड्याचं आहे. त्या रेघा म्हणजे त्यांच्या वाटा."

यजमानांचा हात थांबला. "आता त्यावर सही झाली आहे."

"साहेबांना उद्या सांगा."

"काय सांगू? मला दिसलं नाही असं, की बायकोला दिसलं आणि तिने बुजवलं असं?"

"दुसरं."

"दुसरं सांगितलं की पहिलं आपोआप बाहेर येतं."

ते बरोबरच होतं. डोळे दाखवून घ्या म्हणून मीही कधी हट्ट धरला नव्हता. माझ्या हाताने भागत होतं ना. "परवा मजूर जाणार आहेत," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी ताक ओतून घेतलं, थोडं बाहेर सांडलं. मग म्हणाले, "तुला जायचं तर मी अडवणार नाही. मला मात्र बोलायला लावू नकोस."

सकाळी घटाची माती, परडी तशीच कोपऱ्यात ठेवली आणि त्यांच्याबरोबर ऑफिसात गेले. तिथे बाई आलेली पाहून कारकून उभेच राहिले. साहेबांसमोर फोटो मागून घेतला, त्या रेघांवर भिंग ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा रंग कोणी भरला?"

"मी."

त्यांनी शिपायाला हाक मारून निफाडला तार करायला सांगितली, काम थांबवा म्हणून. मग यजमानांकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्ही जरा आत या."

दार लागलं. मी यजमानांच्या टेबलाशी बसले, कारकुनाकडून पातं मागून घेतलं आणि पहिल्या रेघेवरचा हिरवा रंग खरवडायला लागले.