हलका कॅमेरा

रोज सोबत बाळगता येईल असा स्वस्त रोलचा कॅमेरा शोधत मी लातूरच्या एका जुन्या दुकानात गेलो होतो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई तेच शोधत होत्या. त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं. कॅमेरा उचलायच्या, पर्समध्ये टाकून पर्स खांद्याला लावायच्या, दाराबाहेर बघायच्या आणि दुसरा उचलायच्या. बाहेर बाकड्यावर त्यांचे यजमान बसले होते. त्यांनी जरा हालचाल केली की बाईंचा जीव खालीवर व्हायचा.

"हा घ्या ताई, लई मजबूत हाय," दुकानदार म्हणाला.

"जड हाय. मला यांच्यामागं पळावं लागते."

मी विचारलं, "मग मोबाईलवर का नाही काढत?"

"मोबाईल धरला की चिडतेत. कोण तू, म्हणतेत. समदं विसरून गेलेत. कॅमेरा तेवढा अजून ओळखतेत."

इतक्यात बाकडं रिकामं दिसलं. यजमान रस्त्याच्या मधोमध निघाले होते. हातातला प्लास्टिकचा कॅमेरा घेऊन बाई दाराबाहेर धावल्या. "अहो, इकडं बघा!"

ते थबकले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि ताठ उभे राहून हसले.

"ताई, रोल न्हाई त्यात," दुकानदार ओरडला.

"असू द्या. थांबले न्हवं?"

कॅमेरा डोळ्याला तसाच लावून त्या हळूहळू त्यांच्याकडे चालत गेल्या. ऑटोवाले हॉर्न वाजवत राहिले. यजमान हलले नाहीत.