आठ रांजण

लिओनिल्देच्या वाइनला गावात कोणी नावं ठेवत नसे. ठेवायची ती नावं लोक तिला ठेवत. नवरा मरत होता आणि ही बाई रांजण दाबत होती, असं म्हणत. तिच्या तोंडावर नाही, फार वाईट मनानेही नाही, पण म्हणत. गोष्ट खरी होती, त्यामुळे ती कोणाशी भांडायला गेली नाही.

घरात रांजण आठ. माणसाहून उंच, तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळचे, आतून राळ लावलेले. सप्टेंबरात द्राक्षं चिरडून त्यात भरली की तिसऱ्या दिवशी आतून खदखद सुरू होते. साली आणि देठांचा चोथा वर येऊन घट्ट बसतो आणि त्याच्याखाली वायू कोंडतो. मग दिवसातून तीन वेळा शिडीवर चढायचं आणि लाकडी दट्ट्याने तो चोथा खाली दाबायचा. एक पाळी चुकली तर रांजण फुटू शकतो, आणि फुटला की समोरच्या भिंतीचा गिलावाही घेऊन जातो. म्हणून आलेंतेजू प्रांतातल्या त्या गावात त्या दिवसांत कोणी लग्न काढत नाही, कोणी परगावी जात नाही. घरात बाळंतपण असलं तरी एक माणूस शिडीवर असतंच.

लिओनिल्दे एकोणिसाव्या वर्षी या घरात आली ती कोरडवाहू गव्हाच्या गावातून. दट्ट्या हातात कसा धरायचा तेही तिला ठाऊक नव्हतं. ओनोरियुने, तिच्या नवऱ्याने, शिकवलं. तो मुलखाचा अबोल माणूस. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून ‘छान’ हा शब्द तिने एकदाच ऐकला, तोही त्याने चौथ्या रांजणाला म्हटला होता. पण कान असा तिखट, की रांजणघराच्या भिंतीला लागून असलेल्या खाटेवर पडल्या पडल्या तो सांगायचा, दुसरा शांत झाला, सहावा अजून चार दिवस घेईल. लिओनिल्देला आधी ते खोटं वाटायचं. पुढे पुढे तिलाही थोडंफार ऐकू यायला लागलं, आणि दोघं अंथरुणात पडून न बोलता भिंत ऐकत राहायची. त्यांचा संसार असा होता. बाहेरच्याला तो कोरडा वाटेल, तिला कधी वाटला नाही.

ओनोरियु गेला त्याला आता तीन वर्षं झाली होती. फुप्फुसं निकामी झाली म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं, आणि पाठवलं तेही नेमकं खदखदीच्या दिवसांत. इरिया, त्यांची एकुलती एक मुलगी, लिस्बनहून आली आणि तीन दिवस बापाच्या उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला लिओनिल्दे रांजणघरात गेली. परत आली तेव्हा इरिया दारात उभी होती.

“कुठे होतीस तू?” इरियाने विचारलं.

“रांजण थांबत नाहीत गं,” लिओनिल्दे म्हणाली.

तोवर सगळं संपलं होतं. त्या वेळी दुसरं काहीही बोलली असती तर चाललं असतं, हे तिला नंतर कळलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. दफन झालं आणि इरिया निघून गेली. त्यानंतर नाताळला एक फोन, ईस्टरला एक. थंडी किती, पाऊस किती, कोंबड्या कशा आहेत. लिओनिल्दे दर वेळी ठरवायची की आज सांगू, आणि कोंबड्यांवर येऊन थांबायची. सांगण्यासारखं एक होतं तिच्याजवळ. ते इरियाने समोर बसून एकदा ऐकावं आणि मग काय ती शिक्षा द्यावी, एवढीच तिची इच्छा उरली होती.

त्यात आणखी एक काटा होता. इरियाचं कामच परदेशी लोकांना वाइनच्या मुलखांतून हिंडवायचं. चार भाषा बोलायची. पांढऱ्या गाडीत पाहुणे घालून दोरू नदीच्या उतारांवर, दांऊच्या टेकड्यांत, सीमेपलीकडे स्पेनमध्ये जायची. आणि वर्षातून एकदा, अकरा नोव्हेंबरला, सांव मार्तिन्यु या संताच्या दिवशी रांजण उघडतात तेव्हा, या गावातही यायची. पण उतरायची ती दोन गल्ल्या पलीकडे, बाल्ताझारच्या रांजणघराशी. चर्चसमोर गाडी दिसली की लिओनिल्दे दारात येऊन कोंबड्यांना दाणे टाकायला लागायची. कोंबड्यांचं पोट भरायचं, गाडी निघून जायची.

या वर्षी मात्र बाल्ताझारचेच दोन रांजण फुटले. हा ओनोरियुचा जिवलग मित्र, सत्तरी गाठलेला, आणि तरी ऐन सप्टेंबरात एव्होराला मेहुणीच्या मुलाच्या लग्नाला गेला. दुपारची एक पाळी चुकेल तर चुकेल, म्हणाला. परत आला तेव्हा वाइन गल्लीतून वाहत होती. दीड महिना तोंड लपवून बसला आणि सांव मार्तिन्युच्या आदल्या सकाळी लिओनिल्देच्या दारात येऊन उभा राहिला.

“काय भाऊजी, लग्नाचं जेवण कसं होतं?” लिओनिल्दे म्हणाली. “दोन रांजणांच्या मोलाचं होतं का?”

“मारा टोमणे, वहिनी. माझ्या बायकोचे मारून संपले, आता तुमची पाळी.” त्याने टोपी काढून हातात फिरवली. “उद्या माझ्याकडे पाहुणे यायचेत. सहा जण. उरलेलं घरात पुरेल एवढंच आहे. तुमच्याकडे पाठवू?”

“पाठवा की. त्यात विचारायचं काय?”

“गाडी पांढरी आहे,” बाल्ताझार म्हणाला.

लिओनिल्देच्या हातातला झाडू थांबला. “तिला माहीत आहे?”

“नाही. आल्यावर सांगेन.”

“मग यायची नाही ती.”

“सहा माणसं समुद्र ओलांडून आलीत, वहिनी. त्यांना कोरड्या घशाने परत नेईल? पोटाचा धंदा आहे तिचा.”

लिओनिल्देने त्या दिवशी रांजणघर दोनदा झाडलं. पाव भाजले, मेंढीच्या दुधाचं चीज कापून ठेवलं, काळे ऑलिव्ह काढले, आणि मग सगळं झाकून उगीचच खुर्चीत बसून राहिली. परीक्षेला बसावं तसं तिला झालं होतं, आणि अडुसष्टाव्या वर्षी असं व्हावं याची तिला लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते आले. पुढे बाल्ताझार, मागे सहा पाहुणे, सगळ्यात शेवटी इरिया. तिने आईच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले, कुठल्याही रांजणघराच्या मालकिणीच्या टेकवावेत तसे, आणि पाहुण्यांकडे वळून कामाला लागली. ती वाळली होती. कानाजवळ पांढरे केस आले होते. हे फोनवर कसं कळणार, असं लिओनिल्देच्या मनात आलं.

तिने चौथ्या रांजणाच्या बुडाशी लाकडी तोटी ठोकली. पहिली गढूळ धार भांड्यात धरून परत वरून ओतली आणि स्वच्छ सोनेरी धार लागल्यावर पेले भरले. पाहुणे पेला उजेडात धरू लागले, हुंगू लागले. एका चष्मेवाल्याने घोट तोंडात घोळवला आणि सरळ बादलीत थुंकला.

“आवडली नाही का गं त्याला?” लिओनिल्देने हळूच विचारलं.

“आवडली. चाखायची रीत आहे त्यांची.”

“बरं बाई. जेवताना नाही ना करत असं?”

इरियाला हसू येत होतं. ते तिने दाबलं, पण लिओनिल्देने पाहायचं ते पाहून घेतलं.

पाहुण्यांत आयर्लंडची एक उंच म्हातारी होती. वाटेत बाल्ताझारचं अंगण, त्यातल्या खापऱ्या तिने पाहिल्या होत्या. रांजण फुटतो कसा, तिने विचारलं. लिओनिल्दे एकेक सांगत गेली आणि इरिया इंग्रजीत सांगत गेली. चोथा, वायू, दिवसाच्या तीन पाळ्या. म्हातारीने पुन्हा काहीतरी विचारलं. या वेळी इरियाने ते लगेच आईला सांगितलं नाही. पेला पुसत पुसत, आईकडे न पाहता म्हणाली, “ती विचारतेय, घरात कोणी मरायला टेकलं असेल तरी जावं लागतं का.”

बाल्ताझारने जमिनीकडे पाहिलं. ‘हो’ म्हणून सोडून देता आलं असतं. पण तीन वर्षांत इरिया पहिल्यांदाच समोर होती, आणि आईने बोललेला शब्दन् शब्द ऐकणं आज तिचं काम होतं.

“सांग तिला,” लिओनिल्दे म्हणाली, “माझा नवरा मरत होता तेव्हा मी गेले.”

“हे कशाला सांगायचं?”

“तिने विचारलंय. सांग. त्यानेच पाठवलं मला. तू पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली होतीस तेव्हा. भिंतीतून त्याला चौथा ऐकू आला. म्हणाला, चौथा गुदमरतोय, जा.”

इरियाने पेला खाली ठेवला. “हे तू मला कधीच बोलली नाहीस.”

“बोलले असते तर पुढचं पण सांगावं लागलं असतं.”

“पुढचं काय?”

“त्याने एकच सांगितला होता.” लिओनिल्दे म्हणाली. “एक रांजण म्हणजे पाच मिनिटं. मी चौथा केला. मग पाळीची वेळ झालीच होती, दट्ट्या हातात होताच, म्हणून बाकीचे पण केले. आठच्या आठ. पाच मिनिटांसाठी पाठवलं होतं त्याने, मी चाळीस मिनिटं लावली. सांग त्यांना.”

इरिया पाहुण्यांकडे वळली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. लिओनिल्देला ती भाषा येत नव्हती. पण इतकी वर्षं परदेशी लोकांना पेले विकून दहापर्यंतचे आकडे तिला पाठ झाले होते. ती आठाची वाट पाहत उभी राहिली. आठ आलाच नाही. ‘वन’ आला. मग म्हातारीने छातीवर हात ठेवून तिच्याकडे मायेने पाहिलं, चष्मेवाल्यानेही मान हलवली.

परक्या माणसांसमोर मुलीने आपली लाज राखली, हे लिओनिल्देला कळलं. बरं वाटायला हवं होतं. उलट तिला भडभडून आलं. जे सांगायला तीन वर्षं लागली, ते तोंडातून बाहेर पडतानाच कोणी धुऊन पुसून टाकलं, असं झालं.

“नो,” ती मोठ्याने म्हणाली, आणि वाइनने ओली झालेली आठ बोटं वर केली. “एट.”

“माहीत आहे मला, आई,” इरिया म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“आठ. बाबा मोजत होते.”

लिओनिल्देने बोटं खाली घेतली.

“दट्ट्याचा आवाज येत होता भिंतीतून,” इरिया म्हणाली. आता ती पाहुण्यांना विसरली होती. “तुझा एक रांजण झाला, आवाज थांबला, की बाबा माझा हात दाबायचे. मी विचारलं, आईला बोलावू का? त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मग मी बोलत राहिले. लहानपणचं, शाळेतलं, काहीबाही. त्यांना म्हटलं, माझ्याकडे बघा ना बाबा. नाही बघितलं. तोंड भिंतीकडे. शेवटी हात माझ्या हातात होता आणि ते मात्र पूर्णपणे तुझ्याजवळ होते.” तिचा आवाज फाटला. “मला तुझा राग नव्हता गं. त्यांचा आला होता. गेलेल्या माणसावर कुठे काढायचा? तुझ्यावर काढला.”

आयर्लंडच्या म्हातारीने दबक्या आवाजात काहीतरी विचारलं. बाल्ताझारने नाक पुसलं, पाहुण्यांना हातवारे करत, आपल्याच भाषेत, “चला चला, बाहेर चेस्टनट भाजलेत” असं म्हणत अंगणात नेलं. एकही शब्द न कळता ते सहाही जण मुकाट्याने त्याच्यामागे गेले.

तोटीतून वाइन ठिबकत होती. लिओनिल्देने ती घट्ट केली आणि ओले हात ॲप्रनला पुसले. तीन वर्षं तिने तो माणूस आपल्याला हाका मारत गेला, असं धरून काढली होती. झोप लागायच्या आधी ती हाक रोज ऐकली होती. आता हाक नव्हतीच म्हणे. तिला रडू येत होतं, आणि ते दुःखाचं की सुटल्याचं, तिचं तिलाच कळत नव्हतं.

“आठही वेळा हात दाबला त्यांनी?” तिने विचारलं.

“सात. आठव्याला ते नव्हते.”

“आठवा करायच्या आधी मी जरा टेकले होते,” लिओनिल्दे म्हणाली. “हात भरून आला होता माझा.” मग तिने इरियाकडे पाहिलं. “सातव्याला कसा गं दाबला?”

इरियाने आईचा हात आपल्या हातात घेतला आणि बाबांनी सातव्याला जेवढा दाबला होता, तेवढाच दाबला. लिओनिल्देला तो जेमतेम कळला.