उतरणीवरचा गुडघा

वर, बर्फातल्या पोस्टवर जायचा हुकूम आला तेव्हा आमची पलटण मैदानी भागात होती. कंपनीत नावं वाचली गेली. त्यात माझं होतं आणि ताराचंद शेंडेचंही. मी पवनी तालुक्यातल्या आसगावचा, तो तुमसरकडच्या आंबागडचा. एका जिल्ह्याचे म्हणून भरतीपासून आम्हाला 'भंडारा पार्टी' म्हणायचे. पार्टी दोघांचीच. दहावी दोघांचीही कशीबशी झाली होती, पुढची शाळा राहून गेली. फौजेने मला पोटाला दिलं, पायात बूट दिले आणि स्वतःचं शरीर कसं चालतं ते शिकवलं. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं असेल आणि मीच ऐकलं नसेल. त्या शिकवणीचे उपकार मी आजही मानतो. म्हणून हे लिहायला बसलो.

शिकवणारे पीटीचे उस्ताद होते. हवालदार, डोंगराळ मुलखातले, अंगाने बारीक. हुकूम आल्यावर त्यांनी आम्हाला पळवलं नाही, खाली बसवलं. जुन्या दोराचा तुकडा घेतला आणि उकलला. दोरात पेड, पेडात सुतळी, सुतळीत धागा.

"मांस भी ऐसा ही है," ते म्हणाले. "हर धागा एक ही काम जानता है, सिकुड़ना. मांस सिर्फ खींचता है. धकेलता कभी नहीं."

मला पटलं नाही. मी म्हणालो, "उस्ताद, मग दार कसं ढकलतो?"

त्यांनी ताराचंदला कोपर वाकवायला सांगितलं आणि मला त्याचा दंड चाचपायला. पुढची बाजू दगड, मागची सैल. मग त्याने माझ्या छातीवर हात ठेवून मला ढकललं. आता मागची बाजू दगड, पुढची सैल. म्हणजे ढकलतानाही कोपराच्या मागून कुणीतरी ओढतच असतं.

"एक खींचेगा तो दूसरा छोड़ेगा. दोनों खींचने लगे तो हाथ लकड़ी बन जाएगा. छोड़ना भी काम है, याद रखो."

मग गुडघा. मांडीच्या पुढे मांसाचे चार पट्टे. खाली येऊन चौघांची एकच दोरी होते, ती गुडघ्याच्या वाटीला धरून पुढे नडगीच्या हाडाला बांधलेली. वाटी म्हणजे विहिरीवरचं चाक. चढताना भरलेली बादली वर ओढायची. उतरताना तीच भरलेली बादली हळूहळू खाली सोडायची. ज्याने विहिरीवर पाणी काढलंय त्याला कळेल, सोडताना दोर हातातून सरकत असतो आणि तरी धरून ठेवावा लागतो, तळहात सोलतात ते तेव्हाच. उतरणीवर मांडीचं तसंच होतं. मांस लांब होत असतं आणि तरी ओढत असतं. चढताना छाती भरते, उतरताना मांडी थरथरते.

पाठीवर वजन देऊन त्यांनी आम्हाला एका टेकाडावरून उतरवलं. बाकीचे पास झाले. आम्हा दोघांपाशी ते थांबले.

"भंडारा पार्टी, तुम ताला लगाते हो."

थकलो की आम्ही गुडघा पार मागे सरळ करायचो. पाय पूर्ण सरळ झाला की हाडावर हाड बसतं आणि मांडीला फुकटची विश्रांती मिळते. एवढ्या पलटणीत हे आम्ही दोघेच का करतो हे उस्तादांना उमगत नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. आमच्याकडे धानाचा रोवणा दिवसभर चालतो. कमरेतून वाकायचं, चिखलात मागे मागे सरकत पऱ्हे लावायचे, धानाची रोपं. गुडघा वाकवून उभं राहिलं तर दुपारच्या आत मांड्या जवाब देतात. म्हणून पाय सरळ ठेवायचे आणि अंगाचा भार मांडीमागच्या शिरांवर टांगायचा. गुडघ्याला आम्ही टोंगळा म्हणतो. टोंगळा सरळ ठेव, हे पऱ्ह्याची पहिली मूठ हातात आली तेव्हापासून ऐकत आलेलो.

उस्तादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताला लगा हो और जमीन खिसक जाए, तो चाबी ढूंढने का टाइम नहीं मिलता. छुट्टी में उतरना सीखकर आओ. नहीं तो दोनों का नाम कटेगा."

माझं नाव कटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं आणि थोडं बरंही वाटलं असतं. मी शंकेखोर माणूस, पट्टा तीनदा ओढून पाहणारा. ताराचंदचं तसं नव्हतं. त्याला वर जायचंच होतं.

सुट्टी रोवण्याच्या दिवसांत मिळाली. मी आसगावला आईच्या पाया पडलो आणि दोन दिवसांनी आंबागडला गेलो. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. रोज सकाळी पाठीवर रेतीची पोती घेऊन आम्ही तो चढायचो. खरं काम उतरताना. पायऱ्या शेवाळलेल्या, दोन्हीकडे झाडी. मी पुढे, तो मागून ओरडायचा.

"वाक बे, वाक. टोंगळ्यानं सलाम ठोकून राहिला का?"

"वाकवूनच राहिलो ना."

"याले वाकवणं म्हणते? माही म्हातारी गाय याहून बरी उतरते."

एक बकऱ्या चारणारे काका आम्हाला रोज पाहत. एकदा त्यांनी विचारलंच, "काय गा, जवान मानसं तुमी, म्हाताऱ्यावानी काहून उतरून राहिले?"

ताराचंद गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, सरकारनं नवे टोंगळे देल्ले. वापरून पाहून राहिलो."

काका मान हलवत निघून गेले.

हळूहळू जमलं. अर्धा वाकलेला गुडघा, पावलाचा अंदाज घेऊन मग भार. मांड्या इतक्या दुखायच्या की खाली बसताना भिंतीचा आधार लागायचा. पण आता कुलूप लागत नव्हतं.

दुपारी तो त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवण्याला उतरायचा. मीही उतरलो. त्याची आई आणि शेजारच्या बाया ओळीत होत्या. ताराचंद चिखलातही टोंगळे वाकवून उभा. माय वळून पाहू लागली.

"काहून वाकवतं टोंगळा? सरळ ठेव. थकशीन."

"उस्ताद म्हणते वाकव."

"तुहा उस्ताद रोवणा करते का?"

"नाई."

"मंग?"

बाया हसल्या. ताराचंदही हसला आणि पाय सरळ केले. मला डोळा मारून म्हणाला, "बांधीत मायचं, डोंगरावर उस्तादाचं. दोघंही खूश."

परत गेल्यावर उस्तादांनी आम्हाला त्याच टेकाडावरून दोनदा उतरवलं. नावं राहिली.

वरचं आयुष्य सांगण्यासारखं फार नाही. सकाळी बर्फ उपसायचा, चहासाठी बर्फ वितळवायचा, बोटं हलवत ठेवायची, रेडिओची हजेरी द्यायची. पोस्टवर एक सिग्नलमन होता, दक्षिणेकडचा. एका सकाळी तो धापा टाकत उठला. ओठ निळे. नर्सिंग असिस्टंटने छातीला कान लावला आणि म्हणाला, फुप्फुसात पाणी होतंय. याच्यावर खरा इलाज एकच, खाली नेणं.

नायब सुभेदार साहेबांनी रेडिओ घेतला. उत्तर आलं.

"अल्फा वन, बादल है. हेलिकॉप्टर नहीं आएगा. पेशंट को पैदल नीचे लाओ. ओवर."

"अल्फा वन, समझ गया. आउट."

आम्ही निघालो. स्ट्रेचरला चौघं, बदलीला दोघं, पुढे साहेब. अंधार पडायच्या आत खालचा कॅम्प गाठायचा होता. सिग्नलमनच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बांधलेल्या स्लीपिंग बॅगमधून फक्त डोळे दिसत होते. ते उघडे आहेत ना, हे मी सारखं पाहत होतो.

उतरणीवर स्ट्रेचरचा सगळा भार पुढच्या दोघांवर येतो. पहिल्या टप्प्यात पुढे मी होतो. रस्सी लावलेला कडा आम्ही नीट उतरलो. त्यानंतर माझी मांडी थरथरू लागली. बादली निसटायला लागली होती. ताराचंदने ते मागून पाहिलं.

"सरक मागं. तुही चाकं डुगडुगून राहिली."

"थोडंच राहिलं."

"म्हणूनच म्हणतो. थोडं मले दे."

आम्ही जागा बदलली. तो पुढे उजवीकडे, मी त्याच्या मागच्या दांड्यावर. त्याचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर होते. अख्खा उतार त्याने ते अर्धे वाकवून काढला. एकदाही कुलूप नाही. किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरायचा अगदी तसा.

खाली कॅम्पचे तंबू दिसू लागले. इथे रस्सी लागत नाही, असंच सगळे मानत. साहेब म्हणाले, "रुको. दम ले लो." त्यांना मास्क तपासायचा होता. जमीन अजून कलती होती, म्हणून स्ट्रेचर पूर्ण टेकवता येत नव्हतं. मागचे आम्ही गुडघ्यावर बसलो. पुढच्या दोघांनी दांडे हातात धरून ठेवले.

ताराचंदने श्वास सोडला आणि दोन्ही पाय सरळ केले. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, टेकायला आलेला माणूस करतो तसे. गुडघ्यामागचा खळगा भरून आलेला मी पाहिला. 'वाक' म्हणायला तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आत त्याच्या उजव्या पायाखालची बर्फाची कड तुटली.

वाकलेला पाय अशा वेळी आणखी वाकतो, झेलतो. त्याचे पाय खांबासारखे गेले.

पडणारा माणूस हातात असेल ते आवळतो. शिकवावं लागत नाही. ताराचंदने दांडा आवळला असता तर स्ट्रेचर, सिग्नलमन, पुढचा दुसरा जवान, कदाचित मीही, सगळे कडेच्या खोल नाल्यात गेलो असतो. मी त्याची बोटं पाहिली. ती उघडली. हातमोज्यातला पंजा पूर्ण पसरला आणि दांडा बर्फात रुतून बसला. ताराचंद एकटा गेला.

सिग्नलमन अंधार पडायच्या आत खाली पोचला. तो जगला. अजून त्याचा फोन येतो. त्याला मराठी येत नाही आणि त्याची हिंदी तुटकी, पण तो ताराचंदच्या आईची खुशाली विचारतो, तेवढं कळतं.

ताराचंदला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. पलटण खाली आल्यावर उस्ताद मला भेटले. त्यांनी एकच शब्द विचारला.

"ताला?"

"जी, उस्ताद."

त्यांनी टोपी काढून हातात धरली. मला त्यांना सांगायचं होतं की सोडायचं तो शिकला होता, तुम्ही सांगितलं तसं.

आता मी पेन्शनवर आहे. घरापासून लांब, परराज्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर उभा असतो. उभं राहताना टोंगळे किंचित वाकवून ठेवतो. सोबतचे हसतात, म्हणतात, बस की. जागा बदलली नसती तर काय झालं असतं, हा विचार ड्यूटीवर सोबत असतो. माझी मांडी अजून जराशी टिकली असती तर. शब्द थोडा आधी निघाला असता तर.

वर्षाची सुट्टी मी रोवण्यातच घेतो. आसगावच्या आधी आंबागडला उतरतो. माय थकली आहे, पण बांधीत उतरते. यंदा तिने धुऱ्यावर बसून पहिल्यांदाच विचारलं.

"बापू, पाय घसरला का त्याचा?"

"नाई माय. बर्फ तुटला."

हे खरं आहे. याच्यापुढचं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

ती उठून चिखलात उतरली आणि ओळीत उभी राहिली. तिच्या डाव्या हाताला एक जागा रिकामी होती. तिथे ताराचंद उभा राहायचा. मी पँट दुमडली, पऱ्ह्यांची मूठ घेतली आणि त्या जागेत पाय टाकला. सवयीने अर्धा वाकवून.

मायने वळून पाहिलं.

"काहून वाकवतं टोंगळा? सरळ ठेव. थकशीन."

मी पाय सरळ केले. आणि लान्स नाईक ताराचंद शेंडेच्या ओळीत, मायच्या बाजूने, पऱ्हे लावत मागे मागे सरकत गेलो.