चेन कोणी लावायची?

बुवापाड्यातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही आठजणी जीन्स शिवायला लागलो, त्याला फार वर्षं झाली नाहीत. कॅम्प तीनच्या जीन्सवाल्या शेठकडून कापलेल्या कापडाचे गठ्ठे शेअर रिक्षात कोंबून आणायचे, पँटी शिवून परत पोचवायच्या. मशिनं मी माझ्या बांगड्या मोडून घेतलेली. काय दिवस होते ते! सकाळी कुलूप उघडायला मी धावतच जायची.

भांडण मात्र पहिल्याच दिवशी लागलं. आलेली मजुरी वाटायची कशी? बाबांनी आनंदनगरच्या कंपनीत जन्मभर युनियन चालवली. निवृत्त झाले तरी आवाज कंपनीच्या गेटवरच्या सभेतलाच. ते म्हणाले, "आठजणी एकत्र राबता ना? मग आठ सारखे वाटे." मी त्यांचीच लेक, पण मला ते पटेना. जी जास्त शिवेल तिने जास्त न्यावं, यात अन्याय कसला? ते मला "भांडवलदारीण" म्हणायचे आणि मी त्यांना आठवण करून द्यायची, की पगार सारखाच म्हणून मशीन सोडून बिडी ओढत बसणाऱ्यांचे किस्से तुम्हीच सांगितलेत. ताटातली भाजी गार व्हायची, पण आम्ही हटत नव्हतो. खरं सांगते, मला त्या भांडणाची चटकच लागली होती.

आधी बाबांचं ऐकलं, सारखे वाटे केले. एकीचं पोर तापाने फणफणलं तेव्हा तिचा गठ्ठा बाकीच्यांनी हसत हसत उरकला, हे मला फार आवडलं. पण चहा लांबायला लागला, गप्पा वाढल्या, आणि भरभर शिवणाऱ्या दोघी तोंड फुगवून बसल्या. मग आली माझी पाळी. जितकी शिवण तितके पैसे! दुसऱ्या दिवसापासून खोली नुसती दणाणायला लागली. मी जिंकले म्हणून बाबांसमोर नाचायचीच बाकी होते. त्यांचं मन राखायला एवढंच केलं, की कुठल्याही शिवणीला दर एकच ठेवला. बाजूची सरळ शिवण असो नाहीतर पुढची चेन, पैसे सारखेच. बाबाही खूश झाले.

माल द्यायच्या दिवशी सकाळी मी ढीग उचलला आणि बघते तर काय! बाजू शिवलेल्या, मागचे खिसे लागलेले, आणि पुढून सगळ्या पँटी उघड्या! चेन एकीलाही नाही. सोप्या शिवणीचे तेवढेच पैसे मिळत असताना किचकट चेन लावणार कोण? एक ना धड, भाराभर चिंध्या! तेवढ्यात शेठचा फोन आला. "दीदी, चार बजे टेम्पो आएगा. माल नहीं मिला तो आगे का काम बंद."

चेनला हात चालायचा तो आमच्यातल्या वहिनीचा, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा; आधी ती कॅम्पातल्या शेठकडेच कामाला होती. ती शांतपणे बाजू शिवत होती. मी हातापाया पडायच्या बेतात होते, इतक्यात बाबा दारातून गरजले, "अगं, चेनला तिला दुप्पट दर दे!" समानतेवर रोज भाषण देणारे माझे बाबा! त्या घाईतही सगळ्या खो खो हसल्या.

वहिनी हसली नाही. मशीन थांबवून म्हणाली, "दुप्पट नको. हे मशीन माझं करा, ताई. दर कधी तुम्ही ठरवता, कधी बाबा ठरवतात. आम्हाला कोण विचारतं? उद्या तुमची सटकली, तर मी परत कॅम्पातल्या शेठकडे जायचं काय?"

एवढे दिवस आम्ही बापलेक वाद घालत होतो, आणि शिवणाऱ्या बायकांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. गेटवर कामगाराने असं मागितलं असतं तर बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. घरात सून मागत होती. ते खाकरले आणि म्हणाले, "मागणी रास्त आहे."

मला बांगड्या आठवल्या, टेम्पोही आठवला. "तुझं," मी म्हटलं. "किंमत मजुरीतून थोडी थोडी वळती कर." वहिनीने चेनचा पुडा जवळ ओढला. पण बाकीची मशिनं थांबलेलीच, आणि सगळ्या माझ्याकडे बघतायत! "बघता काय?" मी ओरडले. "तुमचंही तसंच! आजपासून मशीनचं तेल जिचं तिने आणायचं!" मग जो काही कल्ला झाला! वहिनीने दोघींना शेजारी बसवून चेन शिकवली, मी धागे कापत सुटले, बाबा घड्या घालत होते.

टेम्पो दारात लागला तेव्हा शेवटची चेन लागत होती. टेम्पोवाल्याने आत डोकावून विचारलं, "मालकिन कौन है?" सवयीने मी उठायला गेले, तर माझ्या आधी सातजणी उभ्या होत्या.