नामाला सी, क्रियापदाला एस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आधीच सांगते — हळहळायचं असेल तर पुढे वाचू नका. मला त्याची चीड येते.

खामगावात मी बारा वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेत होते. घरातल्या पुढच्या खोलीत सतरंजी, एक फळा, नववी-दहावीची पोरं. रिझल्ट बरे लागायचे. रविवारी विहारात गेलं की बाया सरकून जागा द्यायच्या. मॅडम म्हणायच्या. माझ्याकडे तेवढंच होतं — पण तेवढं होतं ना?

मग माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि प्रज्ञा घरात आली. साखरखेर्ड्याची. एम.ए. इंग्रजी. मी डी.एड. — हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण माझं मला दिवसातून दहादा आठवायचं. ती वाईट होती का? नाही. तेच तर. भांडली असती तर बरं झालं असतं. ती मला ताई म्हणायची, भाकरी गरम असताना वाढायची, आणि दीड वर्षानं सासूबाईंनीच तिला म्हटलं, "गच्चीवरची टिनाची खोली रिकामीच हाय, तू बी घे की चार पोट्टे शिकवाले." ती मला विचारायला आली. मी म्हटलं, घे की.

चाराचे चौदा झाले. त्यातले सहा माझे. माझ्या दारावरून चपला वाजवत जिना चढायचे. मी फळ्याकडे तोंड करून उभी असायचे आणि पावलं मोजायचे. तुम्ही कधी असं कुणाचं वाईट चिंतलंय — पाठमोरं उभं राहून, हातात खडू घेऊन? मी रोज चिंतत होते.

तो शनिवार होता. सोमवारी पोरांच्या शाळेत युनिट टेस्ट. प्रज्ञानं हातानं एक कागद तयार केला होता, ऐनवेळी पाठ करायला. मी बाजारात निघाले होते, तर धावत खाली आली. "ताई, याच्या पंधरा झेरॉक्स आणसान का? मले पोट्टे आले की लगेच वाटाच्या हायेत."

दुकानात गर्दी होती. मी बाकावर बसून कागद वाचला. एका बाजूला नाम, दुसऱ्या बाजूला क्रियापद, समोर मराठी अर्थ. सल्ला म्हणजे अॅडव्हाइस, त्यात सी. सल्ला देणे, अॅडव्हाइझ, त्यात एस. सराव, परवाना, उपकरण — अशा चार जोड्या. नामाला सी, क्रियापदाला एस.

मला हे माहीत नव्हतं.

बारा वर्षं — बारा वर्षं मी दोन्हीकडे सीच लिहायला शिकवत होते. कुणी पकडलं नव्हतं. आणि ही काल आलेली पोरगी, शेजारच्याला वेळ सांगावी इतक्या सहज ते कागदावर लिहून मोकळी झाली होती. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. राग आला. असा राग, की कानशिलं तापली.

त्याच दुकानातून मी व्हाइटनर घेतलं. काळं जेल पेन पर्समध्ये होतंच. सीच्या जागी एस केला, एसच्या जागी सी. चार जोड्या, आठ अक्षरं. तिच्यासारखीच बारीक, तिरकी. झेरॉक्समध्ये व्हाइटनर दिसत नाही, हेही मला सुचलं — पाहा, किती शांत होते मी. मूळ कागद फाडून गटारात टाकला. घरी येऊन म्हटलं, तो मशीनमध्येच राहिला वाटतं. पोरं जिन्यात उभी होती. तिनं गठ्ठा घेतला आणि तशीच वर गेली.

सोमवारी नेमका तोच प्रश्न आला. सगळ्यांनी उलटं लिहिलं.

गुरुवारी चार-पाच पालक घरी आले. कॉटन मार्केटात दुकान असलेले एक गृहस्थ पुढे होते. त्यांनी अंगणातच कागद प्रज्ञाच्या तोंडासमोर धरला. "हे अक्षर तुमचंच होय ना?" तिनं पाहिलं. परत पाहिलं. तिचंच होतं.

"माझंच हाय."

"एम.ए. कुठून केलं मॅडम? पोट्टीचे मार्क गेले न!" मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा, बरोबर काय हाय?"

इथे मी गप्प बसू शकले असते. तेवढंही केलं नाही. मी मोठ्यानं, वर्गात सांगावं तसं सांगितलं — नामाला सी, क्रियापदाला एस. तिच्याकडूनच शिकले होते, पाच दिवसांपूर्वी. लोकांनी माना डोलावल्या. प्रज्ञानंही डोलावली. म्हणाली, "मले माहीत होतं हो ताई. काऊन असं लिवलं, समजून नाई राह्यलं. घाईत झालं असन."

तिनं माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर मी तिचा आणखी द्वेष केला असता. नाही घेतला — तरी केलाच.

महिनाभरात वरची खोली रिकामी झाली. पोरं खाली आली, मी त्यांना बसवून घेतलं. त्याच उन्हाळ्यात तिला एका ज्युनिअर कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं, वर्गात शिकवून दाखवायचं होतं. ती गेली नाही. "फळ्यावर चुकलं तं? माझ्याच हातावर मले भरवसा नाई राह्यला." दिरानं समजावलं, सासूबाईंनी समजावलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, की मोठ्या जावेनं काहीतरी बोलावं. मी कांदा चिरत होते. चिरत राहिले.

याला नऊ वर्षं झाली. आता ती साड्यांना फॉल लावते. इंग्रजीतलं काहीही लिहायचं असलं की आधी मला दाखवते — बँकेचा फॉर्म, मुलीच्या वहीवरचं नावसुद्धा.

मागच्या महिन्यात मुलीच्या रजेचा अर्ज घेऊन आली. पाच ओळी. "ताई, पाहा बरं, चुकलं असन कुठं तरी."

मी वाचला. दोनदा वाचला. काहीच चुकलेलं नव्हतं.

"ठेवून जा," मी म्हटलं, "मी नीट लिहून देते."

"बरं झालं ताई तुम्ही हाये घरात," ती म्हणाली आणि गेली.

मी कोरा कागद घेतला आणि तो अर्ज शब्दाला शब्द तसाच, माझ्या अक्षरात उतरवून काढला.