भोगस

त्या माणसाचं वाईट व्हावं हे मी देवाला इतक्यांदा सांगितलंय, की दुसरा कुणी असता तर कंटाळून उठून गेला असता. त्याची जीभ लुळी पडावी. त्याच्याशी त्याच्याच घरात कुणी बोलू नये. त्याचे टिपर जागच्या जागी गंजावेत आणि त्यांच्यातून वेली वर याव्यात. यातलं शेवटचं खरंच झालं, पण ते खाणी बंद पडल्या म्हणून झालं. माझ्यामुळे नाही. म्हणून त्याचं समाधान मी धरत नाही.

तो डिचोलीचा ट्रकमालक, माझा नवरा त्याचा ड्रायव्हर. आम्ही जतकडचे, पाण्याची बोंब असलेल्या मुलखातले. माझी शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. लग्न करून गोव्यात आले तेव्हा एवढं हिरवं बघून मला आधी भीतीच वाटली. मला भीती लवकर वाटते. नवरा हसायचा, म्हणायचा, झाडाला काय घाबरतीस.

त्या सकाळी मी खोलीच्या दारात भांडी घासत होते. मालक मोटारसायकलवरच बसलेला. नवरा त्याला सांगत होता की ब्रेक लागत नाहीत, आज गाडी उभी ठेवू. मालक म्हणाला, "तुका जमना जाल्यार दुसरो आसा. गाडी लायनीत घाल." माल भरायला ट्रकांची लाईन लागायची, आणि लाईनीतला नंबर गेला की दिवस गेला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. त्यानं गाडी लाईनीत घातली. दुपारी खाणीच्या उतारावर ती थांबली नाही.

दिवस मावळायच्या आत सगळ्या डिचोलीला कळलं होतं की ड्रायव्हर प्यालेला होता. मालकानंच सांगितलं, हॉटेलात, चहा पिता पिता. कागदावर काही का असेना, तोंडातली गोष्ट आधी पोचते.

माझ्या नवऱ्यानं दारूला कधी तोंड लावलं नव्हतं. त्याचा बाप दारूनं गेला होता, म्हणूनच. पण म्हणूनच सासूला ते पटलं. मातीला आली तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "बापाच्या वळनावर गेला. आन तू बघत बसलीस." एवढं बोलून ती एकटीच एसटीत बसली. मला चल म्हणाली नाही.

माझं माणूस गेलं ते एकदाच. पण ते दारुडं म्हणून गेलं, हे रोज नव्यानं व्हायचं. नळावर, दुकानात, खोलीवाल्याच्या बायकोच्या तोंडी. मला त्या मालकाकडून दुसरं काही नको होतं. त्यानं जसं चारचौघांत खोटं सांगितलं तसं खरं सांगावं, आणि ते सांगताना त्याला आतून फाटल्यासारखं व्हावं. माझं जगणं तेवढ्यावर चाललं होतं.

डिचोली सोडून मी पेडण्याकडे गेले, कोरगावला, काजूच्या कामाला. एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईच्या बागेत. तिला सगळे माय म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तिनं मला मागची खोली दिली, सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव टाकून गेला की त्यातला गरम पाव आधी माझ्या हातात द्यायची. कोण कुठली मी. तिचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही, आणि फेडावे असं ती मला वाटूही देत नव्हती. काम मात्र बोंडं तुडवायचं. ती खडकात कोरलेल्या कुंडात तुडवून जो रस निघतो त्याची फेणी होते. संध्याकाळी पायांना, लुगड्याला, केसांना तोच आंबूस वास. ज्याला दारुडा म्हणून जाळलं त्याची बायको दारूच्या वासात अंघोळ करत होती. मी पाय घासायची आणि त्या मालकाच्या नावानं बोटं मोडायची.

मायच्या अंगणात एक खुरीस होता, म्हणजे क्रूस, चुन्यानं रंगवलेला. रोज दिवेलागणीला ती तिथं मेणबत्ती लावून प्रार्थना म्हणायची. मी पायरीवर बसायची. डिचोलीत राहून मला बाजारापुरती कोंकणी येत होती, देवाची येत नव्हती. पण एक शब्द सारखा यायचा आणि तो मला पहिल्याच दिवशी कळला. भोगस.

आमच्याकडे बाया भांडताना हेच म्हणतात. भोगशील. तुझ्या कर्मानं भोगशील. म्हटलं, बघा, हा देव बरा. याच्यापुढे हात जोडून उघड मागता येतं की माझ्या वैऱ्याला भोगायला लाव. आणि मागायलाही हाच देव बरोबर, कारण याच्यावरही खोटा आळ घातला होता, चारचौघांत, आणि कुणी त्याची बाजू घेतली नव्हती. मायनं ती गोष्ट मला चुलीपुढे बसून सांगितली होती. ऐकताना मला वाटलं, ही तर आमचीच गोष्ट.

मी जीव तोडून म्हणायला लागले. मायच्या आवाजावर माझा आवाज जायचा. तिचं संपलं तरी माझं चालू, "त्याका भोगस. डिचोलीच्या त्या मालकाका भोगस." डोळ्यांतून पाणी यायचं. उठताना अंग हलकं झालेलं असायचं. रात्रीची झोप लागायला लागली. मायच्या हातची आमटी मी मागून घ्यायला लागले. खोटं कशाला सांगू, मी सुखात होते. माझा सूड घ्यायला देवानं माणूस ठेवलाय असं वाटत होतं.

मे महिन्यात खुरसापुढे लादिन झाली, म्हणजे सगळे मिळून प्रार्थना म्हणतात आणि मग उकडलेले चणे वाटतात. पाद्री आला होता. प्रार्थना झाल्यावर त्यानं मला पुढे बोलावलं आणि लोकांना म्हणाला, या बाईकडून शिका. ही आपल्या धर्माचीही नाही, आणि जे आपल्याला जमत नाही ते ही रोज करते. मला वाटलं, वास येतोय म्हणून बोलावलं.

शेजारची एक बाई चण्याची वाटी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "माझ्या दिराला मी अजून भोगसलं नाही गो. तुला कसं जमतं?"

मी म्हटलं, "त्यात काय? जोरात म्हणायचं. त्याचे हातपाय झडले पाहिजेत असं मनात आणायचं आणि म्हणायचं."

"कुणाचे हातपाय?" तिनं विचारलं.

"दिराचे."

मायनं वाटी खाली ठेवली. "कितें म्हण्टा गो तूं? भोगस म्हणजे कितें, तुका खबर मू?"

"भोगायला लाव."

माय अशी हसली की तिच्या पाठीवर थोपटावं लागलं. "माफ कर गो पिशे," ती म्हणाली. "भोगस म्हणजे माफ कर. तूं त्याका माफ करून आयलां सगळे दीस."

मला रागानं काही दिसेना. मी चणे तिथंच टाकले आणि खोलीत गेले. माय मागून आली. मी म्हटलं, "मला फसवलं. मी त्याला माफ केलेलं नाही. हे परत घ्यायचंय."

"तर मग जा आणि सांग त्याका," माय खुरसाकडे हात करून म्हणाली. "पूण तो म्हातारो कानान बरो आसा. आयकलें तें आयकलें."

कित्येक दिवस मी पायरीवर बसले नाही. माय एकटीच म्हणायची आणि मी आत दात आवळून बसायची. अन्न तेच, खोली तीच, पण झोप गेली. ते ध्यानात आलं तेव्हा मी जास्तच चिडले. शाप देतेय असं समजून जे म्हणत होते त्यानं झोप येत होती. आणि आता खराखुरा शाप मनात घोळवत होते तर डोळा लागत नव्हता. मग ती झोप कशानं आली होती? मला कुणी शिकवलं नाही, पाद्रीनंही नाही. मी स्वतःच समजले, आणि समजल्याचा मला राग आला. एका संध्याकाळी जाऊन पायरीवर बसले. खुरसाला म्हटलं, माफीचं तुझं तू बघ. पण खरं त्याच्या तोंडून मला पाहिजे.

बुधवारी डिचोलीचा बाजार. मायसाठी मिरच्या आणायच्या म्हणून गेले आणि त्याच हॉटेलाशी गेले. तो तिथंच होता. सुकलेला, दोन्ही हातांनी बशी धरलेली. मला ते बघून बरं वाटलं. लपवत नाही.

मी समोर उभी राहिले आणि कुणाची बायको ते सांगितलं. त्यानं बशी खाली ठेवली. "आता कितें जाय तुका?"

"पोलीस नको, काही नको. एका बाईला फोनवर खरं सांगा."

"कसलं खरं?"

"ब्रेकचं."

हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, "सांगून सोड शेट. आतां खंयचो ट्रक उरला तुजो?" दोघं-तिघं हसले. शेट हसला नाही. त्यानं माझ्या पायांकडे बघत फोनसाठी हात पुढे केला.

मी सासूचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. मी म्हटलं, "आत्या, फोन ठेवू नका. मालक बोलतोय."

फोन हातात घेऊन तो पुटपुटला, "तुमचो पूत पियेल्लो नासलो. गाडयेक ब्रेक नासले."

"काय म्हनतोय ह्यो?" सासू म्हणाली. "मराटीत सांग म्हनावं."

तो मराठीत म्हणाला, "तुमचा मुलगा दारू प्यालेला नव्हता. त्यानं मला ब्रेकचं सांगितलं होतं. मीच गाडी काढायला लावली."

पलीकडून सासू म्हणाली, "पुन्यांदा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. त्याच्या हनुवटीखालचं कातडं थरथरत होतं. याच्यासाठी तर मी जगले होते. ते माझ्या समोर, उजेडात, लोकांच्या देखत होत होतं, आणि मी एक एक शब्द गिळत होते.

"पुन्यांदा," सासू म्हणाली. तिचा आवाज माझ्या ओळखीचा होता. तो माझाच होता, पायरीवरचा.

तो तोंड उघडत होता. तो दिवसभर सांगत राहिला असता आणि ती दिवसभर ऐकत राहिली असती, आणि मीही. मी त्याच्या हातातून फोन घेतला. का घेतला ते तेव्हा मला कळलं नाही, फक्त छातीत काहीतरी इतकं मोकळं झालं की मला खुर्ची धरावी लागली. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"पुरे, आत्या," मी म्हटलं.

"पुरे कसं? मला अजून ऐकायचंय."

"मी सांगते तुम्हाला. रोज सांगीन."

ती रडायला लागली. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि हॉटेलाच्या बाहेर आले.