तांडेलाचा हात

धक्क्यापासून टेकडीकडे पायऱ्यांची एक गल्ली चढते. तिच्यातलं पहिलंच घर इस्त्रीवालीचं. पहिल्या घराचं सुख काय असतं ते पहिल्या घरात राहणाऱ्यालाच विचारावं. लाँच लागली की माणसांचा लोंढा तिच्या दारावरून वर चढायचा, आणि संध्याकाळी तोच लोंढा उन्हानं लाल होऊन, एकमेकांशी भांडत, पेंगलेली पोरं खांद्यावर टाकून तिच्याच दारावरून खाली उतरायचा. चाकांच्या बॅगा पायऱ्यापायऱ्यांवर आपटत जायच्या. सकाळी पहिली बॅग खडखडली की ती म्हणायची, आली वरात.

पाहुणे पूर्वीही यायचे बेटावर. पण ते पाहुण्यासारखे यायचे. आता येतात ते गिळायला आल्यासारखे. ओल्या कपड्यांनी पायरीवर फतकल मारतात, खिडकीच्या गजांतून आत डोकावतात, वाळत घातलेल्या चादरीआड जाऊन भिंतीशी नको ते उरकतात. एक बाई तर सरळ आत शिरली. संडास कुठे आहे हे विचारण्याचीही तसदी घेतली नाही, एकेक दार उघडून शोधायलाच लागली. आणखी एका शहाण्यानं विचारलं होतं, "काकू, हे बेट बंद किती वाजता होतं?" ती म्हणाली, "आम्ही मेलो की." त्याला वाटलं बाई मोठी विनोदी आहे. खो खो हसला.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाभोवती हॉटेलच्या चादरींचे, अभ्र्यांचे ढीग. मागची खोली निजायची. तिच्या खिडकीतून एके काळी समुद्र दिसायचा. मग हॉटेलनं नवी इमारत उठवली, ती इतकी जवळ की खिडकीतून हात काढला तर भिंतीला लागावा. त्या भिंतीत त्यांनी स्वयंपाकघराचा पंखा बसवला. तो दिवसभर तळणाचा वास त्या खोलीत ओकायचा. ज्या हॉटेलच्या चादरींवर पोट भरायचं, त्यानंच घरातला उजेड खाल्ला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तिचा नवरा तांडेल. जुन्या होडीचं सुकाणू उभा जन्म त्याच्या हातात होतं. लाँचा आल्या नव्हत्या तेव्हा अख्खं बेट त्याच्या होडीतून पलीकडे जायचं आणि परत यायचं. माणसं तो मोजत नसे. होडी पायाखाली किती दबली ते त्याला तळव्यांना कळायचं. पुरे झाली असं वाटलं की उजवा हात वर करायचा, पंजा समोरच्याकडे. बस. मग फळीवर पाय ठेवलेला माणूस कुणी का असेना, पाय मागे घ्यायचा. आई होडीत आणि लेक धक्क्यावर, असंही व्हायचं. कुणी हुज्जत घालत नसे. लग्न करून इस्त्रीवालीला आणताना त्यानं खुद्द सासूला हात दाखवला होता. सासू धक्क्यावर गाठोडं घेऊन उभी आणि जावई तिची मुलगी घेऊन निघाला. ती गोष्ट बेटावर लोक हसून सांगायचे. सासूनं मात्र मरेपर्यंत ती रडून सांगितली.

बोलणं त्याचं आधीपासूनच कमी. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्चायचा नाही. त्यामुळे त्याच्या वाटणीचं बोलायची सवय बायकोला लागली होती. यांना आंबट चालत नाही. यांना आज बरं वाटत नाहीये. यांना तुमचं म्हणणं पटलेलं नाही. तो शेजारी बसून ऐकायचा. खोडून काढायचा नाही, म्हणजे खरंच असणार.

मग एक दिवस सुकाणूवरच त्याचं अर्धं अंग गेलं. वाचा गेली. तोंड एका बाजूला ओघळलं. उजवा हात तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, ऊन हवं, वारा हवा, चार माणसं दिसायला हवीत. मागच्या खोलीत ऊन नाही, वारा नाही, आणि माणूस म्हणाल तर पंखा. तेव्हा ती त्याला सकाळी खुर्चीत बसवून उंबऱ्याबाहेर पायरीवर आणायला लागली. रोज विचारायची, "बाहेर बसायचं ना हो?" आणि रोज स्वतःच म्हणायची, "बसायचं तर. आत काय आहे?"

खुर्ची उंबऱ्यापाशी आली की त्याचा उजवा हात वर जायचा. पंजा समोर, अगदी होडीवरचा तसा. तिला पहिल्या दिवशी भरून आलं. माणूस अर्धा गेला, पण तांडेल अजून आहे म्हणाली. समोरची टोपीवाली, जी पाहुण्यांना गवताच्या टोप्या विकायची, ती आपल्या टोपल्यामागून ओरडायची, "काकू, तांडेल कामावर हजर!" आणि दोघी हसायच्या.

पाहुण्यांना काय ठाऊक हात कशासाठी आहे. त्यांना वाटलं, म्हातारा आपल्याला बोलावतोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. आधी त्यांनी उलट हात हलवले. मग जवळ यायला लागले. मग फोटो. कुणी आपला काळा चष्मा त्याच्या नाकावर चढवायचा, कुणी टोपी घालायचा, एक पोरगी त्याच्या मांडीवर बसली. एकदा इस्त्रीवाली आतून बघते तर दोन दांडगे पुरुष त्याच्या वाकड्या ओठांना आइस्क्रीम लावून फोटो काढताहेत. ते वितळून हनुवटीवरून सदऱ्यात उतरलं होतं, आणि त्याच्यावर माश्या.

चादरींवर शिंपडायच्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात होता. तो तिनं दोघांच्या तोंडावर रिकामा केला, आणि वर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्यानं तेही फोनमध्ये घेतलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मॅनेजरनं तिला बोलावून तिचाच चेहरा तिला दाखवला. अगदी नरमाईनं म्हणाला, पाहुण्यांशी पुन्हा असं झालं तर चादरी दुसरीकडे द्याव्या लागतील. नरमाईनं बोलणाऱ्या माणसाला शिवी देता येत नाही, हीच त्यातली मेख. ती मान खाली घालून घरी आली.

तेव्हापासून तोंडाला कुलूप. खिडकीची एक फळी लावून घ्यायची, इस्त्री फिरवायची, आणि बाहेर हशा झाला की दात ओठ खायचे.

पण थोड्या दिवसांनी बाहेरचा आवाजच बदलला. चष्मे, टोप्या थांबल्या. फट, फट असा आवाज यायला लागला. तिनं फळी उघडून पाहिलं तर तांडेलाचा हात वर आणि पुढे रांग. हो, रांग. एकेक जण यायचा, त्याच्या पंजावर टाळी द्यायचा, हसायचा, पुढे व्हायचा. टाळीनं हात मागे जायचा आणि हळूहळू पुन्हा वर यायचा. आला की पुढचा.

एका बऱ्या दिसणाऱ्या बाईला तिनं गोडीत विचारलं, की ही काय नवी तऱ्हा. बाई म्हणाली, तुम्हाला माहीत नाही? म्हाताऱ्या खलाशाला टाळी दिली की माणूस बेटावर परत येतो, फार जुनं आहे म्हणे हे. इस्त्रीवाली त्या गल्लीत म्हातारी झाली होती, तिनं हे जुनं पहिल्यांदाच ऐकलं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं. लाँचवरच्या त्या हसऱ्या मुलानं, निळ्या टोपीवाल्यानं.

निळी टोपी तिनंच धुतली होती. तिचा एकुलता एक लेक.

लेक लाँचवर कामाला होता. बायको-पोरांसह बेटाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि आठवड्यातून एकदा आईवडिलांना बघून जायचा. आला तशी तिनं त्याला पायरीवरच धरलं. त्यानं लपवलं नाही.

"आई, लोक त्यांच्या तोंडाला आइस्क्रीम फासत होते. मी काय सगळ्या बेटाशी मारामारी करू? टाळी बरी की ते बरं?"

"बाप आहे तो तुझा. देवळातली घंटा आहे का?"

"हसतात तरी नीट त्यांच्याकडे बघून. आणि बाबाही बघ ना, किती वेळा हात वर करतात. त्यांनाही वाटत असेल, अजून आपल्यावाचून कुणाचं काही अडतंय."

हे शेवटचं तिला लागू पडलं. बुडत्याला काडीचा आधार. तिनंही मनाशी धरलं की असेल, आवडत असेल. हात खरोखरच पूर्वीपेक्षा जास्त वेळा वर जायचा. संध्याकाळी पंजा लाल झालेला असायचा, पुढे पुढे त्याची सालं निघायला लागली. ती तेल चोळायची आणि म्हणायची, "दमलात ना आज? गर्दी फार होती." तो तिच्याकडे बघत राहायचा.

भर हंगामात एक दिवस समुद्र खवळला. धक्क्यावर लाल बावटा लागला, लाँचा बंद. सकाळ झाली आणि एकही बॅग वाजली नाही. टोपीवालीनं दुकान मांडलंच नाही. गल्ली अशी रिकामी की खाली लाटा आपटताना घरात ऐकू यायच्या. इस्त्रीवालीला माहेरी आल्यासारखं वाटलं. ऊन मात्र होतं. तिनं खुर्ची ओढली.

"आज चंगळ आहे तुमची. सगळी गल्ली तुमच्या नावावर."

खुर्ची उंबऱ्यापाशी आली आणि हात वर गेला.

ती हसली. त्याला पायरीवर बसवलं, स्वतः त्याच्या पायाशी एक फाटका अभ्रा शिवायला घेऊन बसली. हात वरच. तिनं गल्लीत खालीवर पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. म्हणाली, कुणी नाही हो, ठेवा खाली, आणि हात धरून त्याच्या मांडीवर ठेवला. तो पुन्हा वर आला. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा आला.

मग तिनं पंजा कुठे बघतोय ते पाहिलं. गल्लीकडे नव्हता, धक्क्याकडे नव्हता. ती खाली बसली होती तर पंजाही खाली वळला होता. तिच्याकडे. डोळेही तिच्याकडे.

सुई तिच्या हातात तशीच राहिली. हात वर जातो तो गर्दी आल्यावर नाही. गर्दी नंतर येते. हात जातो तो खुर्ची उंबऱ्याला लागते तेव्हा. पहिल्या दिवसापासून. ज्या बाईला त्या हाताचा अर्थ सगळ्या बेटात सर्वांत जास्त कळायचा, तिला तो आपल्याला दाखवलेला आहे एवढंच कळलं नव्हतं. बस म्हणत होता. पुरे झालं. आणि ती त्याला रोज होडीच्या त्या फळीवरून पुढे ढकलत होती.

"आत जायचं?" तिनं विचारलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तराची वाट बघत गप्प बसली.

हात खाली आला.

ती रडली वगैरे नाही. सुई अभ्र्यात टोचून ठेवली, उठली, खुर्ची आत घेतली आणि दार लावलं.

त्यानंतर तांडेल मागच्या खोलीत राहिला. ऊन गेलं, वारा गेला. तळणाचा वास आणि पंख्याची घरघर. तिनं खाट फिरवून दाराच्या तोंडाशी आणली, म्हणजे पुढच्या खोलीत इस्त्री करताना ती त्याला दिसेल. हात पुन्हा वर झाला नाही. रंग मात्र दिवसेंदिवस उतरत गेला, कुंडीतलं झाड कोपऱ्यात ठेवल्यावर त्याचा उतरतो तसा. बाहेर ठेवावं तर लाज जाते, आत ठेवावं तर जीव जातो. तिला त्यातलं एक निवडायचं नव्हतं. ते त्यानंच निवडलं होतं, आणि उशिरा का होईना तिनं ऐकलं होतं.

बाहेरून दार वाजायचं. टाळीवाले आजोबा कुठे आहेत? आज सुट्टी का त्यांची? आम्ही लांबून आलोय हो, एकदाच. एकजण खिडकीच्या गजांतून हात आत घालून उभा राहिला, की त्यांना म्हणावं इथे येऊन तेवढी टाळी द्या. ती गरम इस्त्री त्या हातापासून वीतभर अंतरावर फिरवत राहिली. फिरवली चादरीवरच.

हंगाम संपता संपता, एका दुपारी, इस्त्री उभी करून ती बघते तर तांडेल गेलेला. डोळे तिच्याकडेच होते. खाली न्यायच्या वेळी नेमकी लाँच लागली. चौघांना त्याला खांद्यावर घेऊन भिंतीशी चिकटून उभं राहावं लागलं, वर चढणारे चढून जाईपर्यंत. कुणीतरी फोटो काढला. त्यांना काय, जे दिसेल ते.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर लेक आला. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खालच्याच पायरीवर थांबून बोलायला लागला, म्हणजे तोंडदेखलं इकडचं तिकडचं झाल्यावर. हॉटेलवाले म्हणताहेत की लोक फार विचारतात. त्यांच्या सुतारानं लाकडाचा हात केलाय, अगदी बाबांच्या हातासारखा. दारापाशी भिंतीला लावायचा, एवढंच. बाबांची आठवण राहील. बोलता बोलता त्यानं फडकं सोडलं. हात खरंच चांगला केला होता. बोटांची पेरंसुद्धा होती.

"बघ तरी आई हातात घेऊन," असं म्हणून तो पायरी चढायला लागला.

इस्त्रीवाली दारात उभी होती. तिनं उजवा हात वर केला. पंजा त्याच्याकडे.

लेक त्या होडीत लहानाचा मोठा झाला होता. त्याचा एक पाय वरच्या पायरीवर होता. तो त्यानं मागे घेतला. मग तिथेच उभा राहिला, तो लाकडाचा हात पोटाशी धरून, मान खाली घालून.

त्याच्या मागून पहिल्या लाँचचे लोक वर येत होते. गळ्यात टॉवेल टाकलेली एक बाई थांबली, दारातल्या म्हातारीकडे बघून तिचा चेहरा फुलला, आणि लेकाच्या खांद्यावरून हात लांब करून तिनं इस्त्रीवालीच्या पंजावर फट्कन टाळी दिली.

इस्त्रीवालीचा हात मागे गेला. तो तिनं पुन्हा वर आणला, आणि तसाच धरून ठेवला.